धोंड्याचा रिसीव्हर

२६ एप्रिल, रविवार
पेपर तपासून झाले. कॉलेजला सुट्टी लागली. संकल्प: या सुट्टीत सहकुटुंब एक सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा. मध्ये उठायचं नाही.

आज संध्याकाळीच सुरुवात केली. तृप्तीने पन्हं केलं, स्वरा उशी घेऊन बसली. सिनेमा सुरू झाला. पात्रांनी तोंडं उघडली आणि मधल्या स्पीकरचा आवाज कमी. वाढवायला उठलो. हे उठणं धरायचं नाही, ते तांत्रिक होतं. मधला वाढवला तर मागचे दोन गप्प. ते बघायला सोफा सरकवावा लागला. सोफ्यावर तृप्ती होती. मग डाव्या चॅनेलची खरखर. वायर काढून, घासून पुन्हा लावली. सगळं जमून आलं म्हणून अभिमानाने वळून पाहिलं, तर दोघी गच्चीवर झोपायला निघून गेलेल्या.

जाताना तृप्ती म्हणाली होती की लग्न झाल्यापासून तिने या घरात नुसती हेलिकॉप्टरं बघितली, एकाही सिनेमात कुणाचं लग्न लागलेलं बघितलं नाही. हेलिकॉप्टरचा सीन मी टेस्टिंगसाठी लावतो. आवाज मागून पुढे जातो का ते त्यातच कळतं. हे तिला किती वेळा समजावलं.

संकल्प उद्यापासून.

२७ एप्रिल
उद्यापासून म्हणजे आजपासून. पण आज लाइट नव्हती.

बसल्या बसल्या विचार केला. दोष माझा नाही, होम थिएटरच्या रिसीव्हरचा आहे. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी दिलेला. धर्मराजमामा मला स्वतः जालन्याच्या दुकानात घेऊन गेले आणि म्हणाले, करा पसंद. त्या काळी आमच्या अख्ख्या स्टाफमध्ये असला पाच स्पीकरवाला रिसीव्हर कुणाकडे नव्हता. लोक बघायला यायचे.

पण देण्याआधी मामांनी एक गोष्ट केली. आमच्याकडे आहेराच्या ताट-तांब्यावर मशीनच्या सुईने नाव घालतात, तसं त्यांनी भांडीवाल्याकडून रिसीव्हरच्या झाकणावर नाव घालून आणलं. ‘चि. सोमेश्वर यांस सौ. नंदाबाई व श्री. धर्मराज यांजकडून सप्रेम भेट. अधिक भाद्रपद.’ वर दोन्ही बाजूंना वेलबुट्टी.

ती सुई थरथरते. मी फिजिक्सचा माणूस आहे. डाव्या चॅनेलची खरखर त्या थरथरीतूनच आली असं माझं ठाम मत आहे. कुणाला बोललो नाही. नावावर तेव्हापासून मखमलीचा तुकडा टाकून ठेवतो. त्याने रिसीव्हर जरा तापतो, पण इज्जत राहते.

३० एप्रिल
तक्रारी. नव्या टीव्हीचं चित्र या रिसीव्हरमधून जातच नाही, पडदा काळा होतो. म्हणून चित्र एकीकडून, आवाज दुसऱ्या वायरने. ब्लूटूथ नाही. रिमोटचं आवाज वाढवायचं बटण पेनच्या टोपणाने दाबावं लागतं. मोठ्या स्पीकरवर तृप्तीने कुरडयांचा सोऱ्या ठेवला होता. काढायला सांगितलं तर म्हणाली, मग ठेवू कुठे, तुमच्या डोक्यावर का?

हिवाळ्यात ती रिसीव्हरवर दह्याचं पातेलं ठेवते. दही घट्ट लागतं, हे मान्य करावं लागेल.

आणि सकाळी गाणं लावलं, दोनच स्पीकरवर, कुठलंही बटण न दाबता, तर चांगला वाजतो. सारंगी तर खोलीत कुणी बसून वाजवतंय असं वाटतं. पण नुसतं गाणं किती ऐकणार? मिनिटाभरात हात शिवशिवतात.

२ मे, शनिवार
वडीगोद्रीला साडू कल्याण यांच्याकडे सत्यनारायण. हायवेला त्यांचं मोटारपंपाचं दुकान आहे. ध्वनीतलं ओ की ठो कळत नाही. टीव्हीखाली एक लांबडी काळी पट्टी ठेवलेली. साउंडबार म्हणे. मी विचारलं, कॅलिब्रेशन कसं केलं? ते म्हणाले, काय केलं? मी म्हणालो, आवाज बसवला कसा? म्हणाले, बसवला न्हाई, मी बसलो. बटण दाबलं आन् बसलो.

सगळे हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं मला कळलं नाही.

प्रसादानंतर तिथे सगळ्यांनी सिनेमा बघितला. मी मागून कान लावून उभा होतो. बास फारच सपाट. परत येताना गाडीत स्वराने विचारलं, पप्पा, तुम्हाला शेवट आवडला का? शेवटी मी बाहेर कल्याणरावांच्या मीटरचं अर्थिंग बघत होतो. तिने वाटेत अख्खा सिनेमा सांगितला आणि म्हणाली, पुरा सिनेमा बघायला किती मजा येते ना. तृप्तीने खिडकीबाहेर बघितलं.

४ मे, सोमवार
रात्रभर तळमळलो. सकाळी कॅलेंडर उलटलं आणि उजेड पडला. सतरा तारखेला अधिक महिना लागतोय! धोंड्याचा महिना!! जावयांना बोलावणं, धोंडे जेवण, वाण.

नवा रिसीव्हर. सरळ उपाय. नवा आला की उठावंच लागणार नाही. स्वरा, तृप्ती, मी, तिघं एका सोफ्यावर, पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत. हे मी स्वतःसाठी मागत नाहीये.

मागायचंही नाही. जावयाने तोंडाने मागणं शोभत नाही. फक्त मामांच्या लक्षात आणून द्यायचं. सूक्ष्म संकेत. हे काम माझ्याइतकं नाजूक कुणाला जमणार नाही.

९ मे, शनिवार
मामांना फोन केला. पिंपळगाव रेणुकाईला रेंज जात-येत असते, पण मुद्दे पोचले.

आधी म्हणालो, रिसीव्हर फार जुना झाला. मामा म्हणाले, मंग चीजच तशी घेतली होती, टिकणारच. मी म्हणालो, आता तसला बाजारात मिळायचा नाही. मामा म्हणाले, हौ? मी म्हणालो, कंपनीनेच बंद केला. आता सगळं पुढे गेलंय. मामांनी दोनदा विचारलं, बंदच केला? बाण लागला. मागून मामींचा आवाज आला, जावईबापूंचा लई जीव हाय त्याच्यावर.

याचा नेमका अर्थ लागला नाही, पण सूर सकारात्मक होता.

११ मे, सोमवार
विचार केला. मामा खेड्यातले. संकेत फार सूक्ष्म झाला तर निसटायचा. अजून एक पायरी हवी: रिकामी जागा. बोलावणं करायला मामा-मामी घरी येतील, शोकेसमध्ये मोठा चौकोन रिकामा बघतील, आणि समजतील. बोलावं काहीच लागणार नाही.

साहेबरावच्या दुकानात गेलो. जुन्या बाजाराकडे त्याचं रिपेरिंग आणि सेकंडहँड विक्रीचं दुकान आहे. त्याने रिसीव्हर उलटासुलटा केला आणि आकडा सांगितला. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. मी म्हणालो, सारंगी ऐकून बघा. तो म्हणाला, सर, सारंगी कोण ऐकतं?

देऊन टाकला. नावावर आधीच काळी टेप लावली होती, तीन पदरी. साहेबरावला सांगितलं की तिथे ओरखडा आहे.

तृप्तीला सांगितलं, सर्व्हिसिंगला दिलाय. ती म्हणाली, बरं. जरा जास्तच लवकर म्हणाली.

१४ मे, गुरुवार
घर शांत. टीव्हीच्या स्वतःच्या आवाजावर दोघींनी काल एक आणि आज एक असे दोन सिनेमे पूर्ण बघितले. आवाज म्हणजे डब्यात बोलल्यासारखा. दोघींना काही फरक पडला नाही. तृप्ती रडली पण. लग्न लागलं म्हणे शेवटी.

मी उभाच होतो. बसलं की हात कुठे ठेवायचे कळत नाही. दोनदा उठून शोकेसपाशी गेलो. तिथे काहीच नाही. नुसती धूळ, आणि चार बारक्या पायांच्या खुणा.

सकाळी सारंगी मोबाइलवर लावली. बंद केली.

दुपारी सहज जुन्या बाजाराकडे चक्कर. काचेतून दिसला. त्याच्यावर एक मिक्सर ठेवलाय. आत जाऊन साहेबरावला म्हणालो, वर वजन ठेवू नका, हवा लागते त्याला. तो म्हणाला, सर, परत पाहिजे का? मी हसलो.

१७ मे, रविवार
अधिक महिना लागला. मामा-मामी बोलावणं करायला आले. सात जूनला दोन्ही लेकी-जावयांना धोंडे जेवायला.

योजना हुबेहूब घडली. मामींनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि थेट शोकेसकडे बघितलं. म्हणाल्या, अगं बाई, कुठं गेला? मी मान खाली घातली. इथे अभिनय नव्हता, खरंच गेली खाली. तृप्ती म्हणाली, सर्व्हिसिंगला दिलाय. मामांनी विचारलं, कुठल्या दुकानात? आणि माझ्या तोंडून साहेबरावचं नाव निघून गेलं.

क्षणभर घाम फुटला. मग लक्षात आलं, हे उत्तमच झालं. दुकानाचं नाव कशाला विचारतील? तिथेच नवा घ्यायचा विचार असणार. साहेबराव नवा मालही मागवून देतो. मामा चाणाक्ष माणूस आहे.

मामी निघताना रिकाम्या जागेवरून हात फिरवून म्हणाल्या, लई सुनं सुनं वाटून राह्यलं. मला भरून आलं. मग ठरवलं की ते उन्हामुळे.

२१ मे, गुरुवार
मॉडेल निश्चित केलं. सात चॅनेल, डोक्यावरूनही आवाज, चित्र आरपार. फोटो परिवार ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, सॉरी, चुकून आला. मामांनी हात जोडले. कल्याणरावांनी दात काढले.

संध्याकाळी मामींचा फोन. लांबी-रुंदी विचारली. लांबी-रुंदी!! आता काय राहिलं? नव्या मॉडेलची मापं दिली. त्या म्हणाल्या, पहिल्याएवढंच ना? मी म्हणालो, इंचभर उंच. म्हणाल्या, मंग शिलाई सैल ठेवते. कसली शिलाई, विचारलं नाही. आनंदात माणूस प्रत्येक गोष्ट विचारत बसत नाही.

मागच्या दोन स्पीकरांसाठी भिंतीला भोकं पाडली. एक पाण्याच्या पाइपात गेलं.

२९ मे, शुक्रवार
दोन-चार दिवस दुकानाकडे गेलो नव्हतो. आज गेलो. काचेमागची जागा रिकामी. मिक्सर खाली ठेवलेला.

साहेबराव माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होता. म्हणाला, गेला सर तुमचा डबा. गावाकडचे एक काका आल्ते. लई बोलले मला. मंग घेऊनच गेले. मी विचारलं, काय बोलले? तो म्हणाला, जाऊ द्या सर, आपण बिलकुल तोंड उघडलं न्हाई.

बिचारे काका. भाव पटला नसेल. घरी नेऊन चित्र लावायला जातील आणि पडदा काळा. मग डावी बाजू खरखरायला लागेल. कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं की फक्त दोन स्पीकरवर गाणी लावा, बाकी हात लावू नका. मी सांगितलं असतं. पत्ता विचारला तर साहेबराव म्हणाला, माहीत नाही.

चौदा वर्षं रोज हात लावलेली वस्तू. त्यांच्याकडे कुणी मखमल टाकेल का त्याच्यावर?

पुरे. नव्याकडे लक्ष.

६ जून, शनिवार
तयारी. नवी एचडीएमआय केबल घेतली, सोन्याचं टोक असलेली. शोकेस पुसली. स्वराला सांगितलं, उद्या संध्याकाळी सिनेमा तू निवड. तिने विचारलं, पूर्ण? मी म्हणालो, पूर्ण. ती म्हणाली, हेलिकॉप्टर नसलेला? मी म्हणालो, नसलेला. तिने हात पुढे केला. वचन दिलं.

७ जून, रविवार. सकाळ
निघतोय. गाडीची डिकी रिकामी करून घेतली. तृप्तीने विचारलं, डिकी कशाला? मी म्हणालो, अनारसे.

७ जून. संध्याकाळ, पिंपळगाव
क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे.

पाटावर बसवलं. मामांनी आम्हा जावयांचे पाय धुतले. जोडीने औक्षण. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. कल्याणरावांना कुलर दिला. मग मामींनी आतून माझं वाण आणलं. दोघांनी धरून. त्यावर लाल मखमलीचं, सोनेरी लेस लावलेलं शिवलेलं कव्हर. बरोबर बसवलेलं, वरून जरा सैल. मामींनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वर अनारशाचं ताट ठेवलं.

मी लेसखालून बोट घातलं. आवाजाच्या बटणाची कड मला डोळे मिटूनही ओळखता येईल. डावीकडे तुटलेली.

मामा सगळ्यांसमोर सांगायला लागले. म्हणाले, मी गेल्तो जालन्याला, म्हणलं जावयाची चीज तयार झाली का बघावं. तर तो दुकानदार विकायला मांडून बसलेला! काळी टेप लावून नाव झाकल्यालं. म्या टेप वढली. म्हणलं, पाव्हण्यानं रिपेरीला दिलेली चीज परस्पर विकून राह्यला का? महं नाव हाय ह्याच्यावर. तो आधी काहीतरी सांगायला गेला, मंग माझ्याकडं बघून गपच झाला. म्हणलं, जल्दी बांध, घेऊन चाललो.

सगळे साहेबरावला शिव्या देऊ लागले. सर्वांत मोठ्याने कल्याणराव. नंतर त्यांनी विचारलं, सर, तुम्ही गप का?

मी म्हणालो, काय माणसं असतात.

तृप्ती माझ्याकडे बघत होती. मी अनारसा खाल्ला.

मामींनी सांगितलं की त्या फोननंतर मामा पंधरा दिवस एकच म्हणत होते, कंपनीनं बंद केलं म्हणतात, जावयाचा एवढा जीव, ते बिघडलं तर दुसरं आणायचं कुठून? म्हणून ते आधी दुकानात गेले. काम नीट करायला बजावून यायला.

मामांना काहीच कळलेलं नाही. देवाची कृपा.

डिकी पुरली.

८ जून, सोमवार
मामा बरोबरच आले जालन्याला. म्हणाले, नीट बसवून, ऐकून, मगच जातो. चौदा वर्षांत त्यांनी तो वाजताना कधी ऐकलाच नव्हता. आले की मी दुरुस्तच करत असायचो. हे मला आज कळलं.

वायरी जोडल्या. सोन्याच्या टोकाची केबल कुठेच लागली नाही. स्वराने सिनेमा लावला. मामा सोफ्यावर माझ्या शेजारी बसले. थोड्या वेळात संवाद बारीक यायला लागले. मी पुढे सरकलो. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बसा ना जावईबापू, चांगलं येऊन राह्यलं. डावी बाजू खरखरली. हात तिथेच. मी बसलो. नंतर खरखर थांबली, किंवा मी ती ऐकायचं थांबवलं.

सिनेमा संपला. लग्न लागलं. स्वरा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती ते मला शेवटच्या पाट्या वर सरकताना कळलं. मला रडू आलं. पाट्यांना कुणी रडत नाही. तृप्तीने पन्ह्याचा ग्लास पुढे केला.

मामा निघाले. चप्पल घालता घालता म्हणाले, आता कधी रिपेरीला द्यायचं काम पडलं, तर आधी मला सांगा. बराबर माणूस दाखवतो. मी हो म्हणालो. साधा, भाबडा माणूस. शंकासुद्धा नाही.

ते गेल्यावर कव्हर काढलं, हवा लागावी म्हणून. टेपचा चिकटपणा कुणीतरी घासून काढला होता. नाव लख्ख. त्याखाली नवी ओळ घातलेली, सुईचा चुरा अजून खाचेत होता: ‘अधिक ज्येष्ठ. पुन्हा सप्रेम.’

पुढचा धोंड्याचा महिना तीन वर्षांनी. खाली अजून दोन ओळींची जागा मोकळी सोडली आहे.